शेणखत: गोठ्यापासून शेतापर्यंत नत्र वाचवायचे कसे

जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातले साधारण तीन चतुर्थांश नत्र (नायट्रोजन) शेण आणि मुतावाटे पुन्हा बाहेर पडते. त्यातही निम्मे किंवा त्याहून जास्त मुतात असते. उन्हापावसात उघड्या पडलेल्या उकिरड्यावरून त्याचा मोठा हिस्सा खत शेतात पोहोचायच्या आतच नाहीसा होतो. काही अमोनिया होऊन हवेत जाते, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर जमिनीखाली उतरते. पिकाचे नुकसान आणि हवा-पाण्याचे प्रदूषण यांचा हिशेब इथे एकच आहे. शेतकऱ्याच्या हातून निसटलेले नत्रच पुढे विहिरीत, ओढ्यात आणि हवेत सापडते. म्हणून ते कुठे निसटते आणि कसे अडवायचे, हे गोठा, ढीग आणि शेत या क्रमाने पाहू.

खतात असते काय

चांगल्या कुजलेल्या शेणखतात सरासरी ०.५ टक्के नत्र, ०.२ टक्के स्फुरद (फॉस्फेट) आणि ०.५ टक्के पालाश (पोटॅश) असते. म्हणजे एका टनात ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद आणि ५ किलो पालाश. कोंबडी खत बरेच तेज असते. त्यात टनाला ३० किलोच्या आसपास नत्र आणि २५ किलोच्या आसपास स्फुरद मिळते. हे आकडे सरासरीचे आहेत. चारा, अंथरूण, ओल आणि साठवण यांनुसार ते दुप्पट-निमपट होतात. मोठ्या क्षेत्राला खत द्यायचे असेल तर नमुना तपासून घ्यावा. ढिगाच्या १० ते १५ ठिकाणांहून, वरचा ३० सेंटीमीटरचा थर बाजूला करून, मूठमूठ खत काढावे. सगळे एकत्र मिसळून त्यातले किलोभर पिशवीत हवाबंद करावे आणि थंड ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचवावे. पिशवी उन्हात राहिली तर अमोनिया उडतो आणि अहवालात नत्र कमी दिसते.

अन्नद्रव्यांचे आकडे लहान दिसतात, पण शेणखताचे मोठे काम सेंद्रिय कर्बाचे (कार्बनचे) आहे. कुजलेला सेंद्रिय पदार्थ मातीच्या कणांना धरून ठेवतो, त्यामुळे हलक्या जमिनीत ओल टिकते आणि भारी जमिनीत हवा खेळते. पालाश, चुना आणि अमोनियम (नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप) धरून ठेवण्याची जमिनीची ताकदही त्याने वाढते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेतावर प्रयोग चालू आहे. तिथे ज्या पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडत आले, त्या मातीतला सेंद्रिय कर्ब खत न दिलेल्या पट्ट्याच्या दुपटीहून वर गेला. त्याच पट्ट्यातून नायट्रेटही जास्त पाझरते. ही दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. खत नैसर्गिक आहे म्हणून कितीही टाकले तरी चालते, हा समज सोडून दिल्याशिवाय पुढचा हिशेब जमणार नाही.

गोठ्यात: मूत अडवा

मुतातला युरिया शेणातल्या जीवाणूंच्या संपर्कात आला की काही तासांत त्याचा अमोनिया व्हायला लागतो. शेण-मूत एकत्र पसरून राहिले, जमीन तापलेली असली आणि वारा असला की तो झपाट्याने उडतो. गोठ्यात डोळे चुरचुरतात तो हाच अमोनिया. त्यामुळे खत राखण्याचे निम्मे काम गोठ्याच्या जमिनीवरच होते.

जमीन पक्की असावी आणि तिला मीटरला दोन सेंटीमीटरच्या आसपास उतार असावा. मूत नालीतून झाकलेल्या टाकीत जाऊ द्यावे. टाकी नसेल तर अंथरूणच टाकीचे काम करते. प्रत्येक मोठ्या जनावराखाली रोज ३ ते ४ किलो भुसकट, पाचट किंवा पालापाचोळा पसरावा. आखूड कापलेली काडी लांब काडीपेक्षा जास्त मूत शोषते. भिजलेले अंथरूण रोज उचलून थेट ढिगात घालावे. कोरड्या काडीकचऱ्यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडे असते, मुताने ती उणीव भरून निघते आणि कुजणे वेग घेते.

एक चूक फार ठिकाणी दिसते: गोठ्यात किंवा ढिगावर चुलीची राख आणि चुना टाकणे. दोन्हींनी सामू (पीएच) वाढतो, आणि सामू वाढला की अमोनियम अमोनिया होऊन उडून जाते. राख वाया घालवू नये, पण ती शेतात वेगळी टाकावी. याउलट सिंगल सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे रासायनिक खत टनाला १५ ते २० किलो मिसळले तर त्यातला आम्लधर्मी भाग आणि जिप्सम अमोनिया बांधून ठेवतात. शिवाय शेणखतात कमी असलेले स्फुरद वाढते. मात्र जमिनीत स्फुरद आधीच मुबलक असेल तर या वाटेला जाऊ नये, कारण पुढे दिल्याप्रमाणे ते साचत जाते.

ढीग रचणे

जागा उंचवट्याची असावी. विहीर किंवा कूपनलिका ५० मीटरच्या आत नको, ओढा किंवा तळे १० मीटरच्या आत नको. तळ धुम्मस केलेल्या चिकणमातीचा किंवा सिमेंटचा असावा आणि त्याला एका बाजूला उतार द्यावा. त्या टोकाला लहान खड्डा करावा. ढिगातून गळणारे काळे पाणी त्यात साठते, ते पुन्हा ढिगावर शिंपडावे. ते पाणी म्हणजे विरघळलेले नत्र आणि पालाश असते. ढिगाभोवती चर काढला की बाहेरचे पावसाचे पाणी आत येत नाही.

ढिगाची रुंदी २ मीटर आणि उंची १.२ ते १.५ मीटर ठेवावी, लांबी हवी तेवढी. मीटरभरापेक्षा कमी उंचीचा ढीग तापत नाही. दोन मीटरच्या वर गेला तर मधला भाग दाबून बसतो आणि तिथली हवा संपते. जमिनीत खोल खड्डा घेऊन भरण्यापेक्षा जमिनीवर ढीग करणे बरे, निदान जिथे पाऊस जास्त आहे तिथे तरी. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात खत हवेविना कुजते आणि मिथेन तयार होतो. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो. कोरड्या भागात मात्र खड्ड्याने ओल टिकते, म्हणून तिथे मीटरभर खोलीचा उथळ खड्डा योग्य ठरतो.

कर्ब आणि नत्राचे प्रमाण सुरुवातीला २५ ते ३० ला १ असावे. गव्हाच्या काडात ते ८० ला १ च्या आसपास असते, ताज्या शेणात २० ला १. प्रत्यक्षात १०० किलो ताज्या शेणाला २० ते २५ किलो कोरडा काडीकचरा घ्यावा, आणि तो मुताने भिजलेले अंथरूण असेल तर प्रमाण आपोआप जमते. काडी ५ ते ८ सेंटीमीटरची कापून घ्यावी. खाली २० सेंटीमीटर जाड काड्या-धसकटांचा थर द्यावा, त्यातून हवा खेळते. त्यावर १५ सेंटीमीटर काडीकचरा आणि ५ सेंटीमीटर शेण असे थर रचत जावे. दर दोन-तीन थरांवर मूठभर जुने कुजलेले खत भुरभुरावे.

पाण्याबाबत घाई नको. ताज्या शेणात ८० टक्के पाणीच असते. वरच्या प्रमाणात रचलेला ढीग सुरुवातीला ६५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे किंचित जास्तच ओला असतो. त्यावर आणखी पाणी ओतले की मधली हवा जाते. पहिल्या पलटीपर्यंत वाफेवाटे ओल उतरून ५५-६० टक्क्यांवर येते, तीच हवी. मुठीत घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एखादा थेंब दिसावा, धार लागू नये.

रचल्यावर ढीग १५ सेंटीमीटर कोरड्या काडाने किंवा ताडपत्रीने झाकावा. ताडपत्री बाजूंनी जमिनीला चिकटवू नये, खालून हवा जायला जागा ठेवावी. वरून छप्पर असेल तर सर्वात उत्तम.

दोन ते चार दिवसांत ढीग ५५ ते ६५ अंशांवर जातो. लांब दांडीचा तापमापक असावाच. नसेल तर लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढावी. टोकाला हात टेकवत नसेल तर ढीग पुरेसा तापला आहे. तापमान ७० अंशांच्या वर गेले तर कुजवणारे जीवाणूही मरतात, तेव्हा लगेच पलटी मारावी. उतरून ४५ च्या खाली आले तरी पलटी मारावी. पलटी मारताना कडेचे खत मध्ये आणि मधले कडेला आले पाहिजे. ढीग नुसता वरखाली हलवला तर कडेच्या थरातले तणांचे बी तसेच जिवंत राहते.

पलटी किती वेळा मारायची, हा खरा तोलाचा प्रश्न आहे. प्रत्येक पलटीत थोडा अमोनिया उडतो. अजिबात न हलवलेल्या ढिगात मिथेन वाढतो आणि बी मरत नाही. धान्याच्या किंवा चाऱ्याच्या पिकासाठी १५व्या, ३५व्या आणि ६०व्या दिवसाच्या सुमारास तीन पलट्या पुरेशा आहेत. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना खत द्यायचे असेल तर नत्राचा तोटा सोसावा आणि ५५ अंशांच्या वर किमान १५ दिवस राखून त्या काळात पाच पलट्या माराव्यात. रोगजंतू आणि तणाचे बी मारण्यासाठी अमेरिकेच्या नियमांत खुल्या ढिगाला हेच प्रमाण दिले आहे.

ढीग बिघडला की वास आणि रंग सांगतात. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त झाले आहे, उकरून कोरडा कचरा मिसळावा. अमोनियाचा झणझणीत वास येत असेल तर नत्र जास्त आहे. तेव्हाही काडीकचराच वाढवावा, आणि झाकण जाड करावे. ढीग तापतच नसेल तर तो कोरडा आहे, लहान आहे किंवा त्यात शेण-मूत कमी पडले आहे. आत पांढरट, राखेसारखी कोरडी पुटे दिसली तर तो तापून सुकला आहे. पाणी शिंपडत पलटी मारावी.

खत तयार झाले की नाही

पलटी मारलेले खत तीन ते चार महिन्यांत तयार होते, न हलवलेल्या ढिगाला सहा महिने तरी लागतात. घनफळ निम्म्यावर येते, रंग गडद होतो, मूळ काडी ओळखू येत नाही आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. खात्री करायची असेल तर ओलसर खत प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर सावलीत ठेवावे. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर ते अजून कच्चे आहे.

कच्च्या खताचे तोटे एकापाठोपाठ येतात. त्यात काडी शिल्लक असते. ती कुजवताना जीवाणू जमिनीतले नत्र उचलतात आणि पीक महिनाभर पिवळे राहते. तणांचे बी उगवते. हुमणी या मुळे खाणाऱ्या किडीचे भुंगेरे असल्या खतात अंडी घालतात आणि त्यातल्या अळ्या शेतात पोहोचतात. खत भरताना पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसल्या तर ढीग पसरून त्या वेचून नष्ट कराव्यात, मगच वाहतूक करावी.

बाहेरून आणलेल्या खताची आणखी एक परीक्षा घ्यायलाच हवी. क्लोपिरॅलिड आणि अमिनोपिरॅलिड ही तणनाशके फवारलेला चारा जनावराने खाल्ला तर ती पचत नाहीत, मुता-शेणातून तशीच खतात येतात आणि कुजवल्यावरही लवकर जात नाहीत. टोमॅटो, वाटाणा, घेवडा आणि बटाटा यांना त्याची अत्यल्प मात्राही बाधते. पाने चमच्यासारखी वळतात आणि शेंडे पिळवटतात. तपासणी सोपी आहे. एक भाग खत आणि दोन भाग माती मिसळून तीन कुंड्या भराव्यात, तीन कुंड्या नुसत्या मातीच्या. सगळ्यांत घेवड्याचे किंवा वाटाण्याचे बी लावून तीन-चार आठवडे थांबावे. खताच्या कुंड्यांतली नवी पाने वाकडी आली तर ते खत भाजीपाल्याला आणि डाळवर्गीय पिकांना अजिबात देऊ नये. तृणधान्यांना ही तणनाशके फारशी बाधत नाहीत.

मात्रा ठरवणे

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून हिशेब पूर्ण मांडू. शेणखतातले सगळे नत्र पहिल्याच हंगामात मिळत नाही. पाव ते एक तृतीयांश मिळते, उरलेले पुढच्या वर्षांत हळूहळू सुटते. समजा पिकाला हेक्टरी १२० किलो नत्र हवे आहे आणि ते सगळे शेणखतातूनच द्यायचे ठरवले. ३० टक्के उपलब्धता धरली तर टनाला १.५ किलो मिळते, म्हणजे ८० टन खत लागेल. त्या ८० टनांतून १६० किलो स्फुरद पडेल. हेक्टरी ५ टन धान्य देणारे पीक दाण्यांतून साधारण ४० किलो स्फुरद उचलते. उरलेले १२० किलो त्याच जमिनीत साचेल, आणि दरवर्षी साचत राहील.

स्फुरद नायट्रेटसारखे पटकन वाहून जात नाही. ते मातीच्या कणांना चिकटते आणि धूप झाली की मातीबरोबर ओढ्या-तळ्यात जाते. तिथे शेवाळ माजते, ते मेल्यावर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. जमिनीत अति स्फुरद झाले की पिकाला जस्त मिळणेही अवघड होते. म्हणून दीर्घकाळाची मात्रा स्फुरदावर बेतावी, नत्रावर नव्हे. वरच्या पिकासाठी ४० किलो स्फुरद म्हणजे २० टन शेणखत. त्यातून पहिल्या हंगामात ३० किलो नत्र मिळेल. उरलेली गरज शेंगावर्गीय पिकाच्या फेरपालटाने, हिरवळीच्या खताने किंवा मोजून दिलेल्या रासायनिक नत्राने भागवावी. कोंबडी खताचा हिशेब याहून कडक आहे. ४० किलो स्फुरदासाठी ते दीड टनाच्या आसपासच लागते. वर्षानुवर्षे हेक्टरी ५ टन कोंबडी खत टाकणाऱ्याने माती तपासल्याशिवाय पुढची गाडी आणू नये.

सलग काही वर्षे २० टन पडत असेल तर मागच्या खतातून सुटणारे नत्रही धरावे: दुसऱ्या वर्षी १० टक्क्यांच्या आसपास, तिसऱ्या वर्षी ५. युरोपीय संघात भूजल जपण्यासाठी नायट्रेटप्रवण क्षेत्रांत जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नत्र द्यायला मनाई आहे. तसा नियम नसलेल्या ठिकाणीही ही वरची मर्यादा म्हणून चांगली आहे.

शेतात टाकणे

हेक्टरी १० टन म्हणजे चौरस मीटरला १ किलो, २० टन म्हणजे २ किलो. थराच्या जाडीत २० टन जेमतेम ३ मिलिमीटर भरतात. जमीन झाकली गेली असे वाटेपर्यंत टाकणारा माणूस नकळत कितीतरी पट जास्त टाकतो. हेक्टरी २० टनांसाठी गाडीने रास टाकत जायचे असेल तर दर ५ बाय ५ मीटरच्या चौकोनाला ५० किलोची रास बसते. विसकटल्यावर तपासायला आधीच २ बाय २ मीटरचे कापड अंथरून ठेवावे आणि त्यावर पडलेले खत तोलावे. ८ किलो भरले तर मात्रा बरोबर आहे.

राशी शेतात आठवडेच्या आठवडे ठेवू नयेत. रास असलेल्या जागी पावसाने नत्र आणि क्षार उतरतात, तिथे पीक माजते किंवा जळते आणि बाकी शेत उपाशी राहते. ज्या दिवशी विसकटायचे त्याच दिवशी मातीत मिसळायचे, शक्यतो चार-सहा तासांत. ताज्या आणि पातळ खतातला उडण्याजोगा अमोनिया पहिल्या दिवसातच बहुतेक उडतो. चांगल्या कुजलेल्या खतात अमोनिया कमी असल्याने घाई थोडी कमी, पण ऊन आणि वारा त्यालाही सुकवतात. सकाळी लवकर, संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत टाकावे. कुळवाच्या पाळीने १० ते १५ सेंटीमीटर खोलीत मिसळले की पुरे. खोल नांगरटीत गाडलेले खत हवेविना पडून राहते. बायोगॅसची स्लरी वापरणाऱ्यांनी तर मिसळण्यात जराही उशीर करू नये. टाकीत मिथेन इंधन म्हणून वापरला जातो, हा त्याचा मोठा फायदा. पण स्लरीतले बरेचसे नत्र अमोनियमच्या रूपात असते आणि ते पृष्ठभागावरून झटकन जाते.

वेळ पेरणीच्या दोन ते तीन आठवडे आधीची धरावी. फार आधी टाकले आणि मध्ये जोराचा पाऊस झाला तर सुटलेले नायट्रेट मुळे यायच्या आत खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. त्याहून जास्त झाले तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. उघड्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या घरांसाठी ही दूरची भीती नाही. पीक काढल्यावरही खतातून नत्र सुटत राहते, कारण त्याला पिकाच्या वेळापत्रकाशी देणेघेणे नसते. म्हणून शेत मोकळे न ठेवता वाढीला जलद असे आच्छादन पीक घ्यावे. ते सुटलेले नत्र उचलते आणि गाडल्यावर परत देते.

साचलेल्या पाण्यात किंवा चिखलात खत टाकू नये. वाफसा नसलेल्या जमिनीत नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड होतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. भातखाचरात ताजे शेण गाडल्यानेही मिथेन वाढतो, तिथे पूर्ण कुजलेलेच खत वापरावे. ४८ तासांत जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबावे. तीव्र उतारावर समतल रेषेने टाकून लगेच मिसळावे. ओढ्याच्या काठाला १० मीटरची गवताची पट्टी खताविना ठेवावी.

भाजीपाल्याबद्दल एक नियम कडकपणे पाळावा. कच्च्या खतात ई. कोलाय आणि साल्मोनेलाचे जंतू महिनोन्महिने जिवंत राहू शकतात. खाण्याचा भाग जमिनीला लागतो अशा गाजर, मुळा, पालक, कोथिंबीर यांच्या शेतात कच्चे खत आणि काढणी यांत किमान १२० दिवसांचे अंतर ठेवावे, जमिनीला न लागणाऱ्या पिकांत ९० दिवसांचे. उभ्या पालेभाजीवर शेणाचे पाणी शिंपडू नये. कच्चे खत हाताळलेले घमेले, फावडे आणि बूट काढणीच्या वेळी वापरायचे असतील तर ते आधी साबणाने धुऊन उन्हात वाळवून घ्यावेत.